पेशीचा डावा हात

१

मे महिन्यात सोलापुरात ज्याला गार खोली मिळाली त्यानं देवाकडं दुसरं काही मागू नये. अरिबा बागवानला ती मिळाली होती, आणि तीही फुकट. सात रस्त्याजवळच्या तिच्या कॉलेजच्या मागं पाण्याची एक जुनी उंच टाकी आहे, आठ खांबांवर उभी. पूर्वी कुणा प्राचार्यांच्या डोक्यात आलं आणि त्यांनी खांबांच्या मधे विटा रचून खाली खोली करून घेतली. आठ बाजूंची खोली. एका बाजूला लोखंडी दार, बाकीच्या सात कोऱ्या भिंती. खिडकी औषधालासुद्धा नाही. आधी तिथं मोडकी बाकं टाकली होती. मग मायक्रोस्कोप आला आणि बाकं गेली, कारण मुख्य इमारतीत बसलं आणि रस्त्यावरून ट्रक गेला की भिंगाखालचं सगळं थरथरायचं. टाकीखाली काही हलत नव्हतं. डोक्यावर एवढं पाणी घेऊन उभी असलेली वस्तू हलेल तरी कशी?

अरिबाचं काम काय, हे सांगायला गेलं की लोक आधी हं हं करतात आणि मग जेवणाचं विचारतात. डायनोफ्लॅजेलेट नावाचा पाण्यातला एकपेशी जीव, डोळ्यांना दिसायचा नाही एवढा. पण ऐट सरदाराची. अंगावर चिलखत, तेही तुकडे शिवून केल्यासारखं. प्रत्येक तुकड्याला म्हणायचं प्लेट आणि प्रत्येक प्लेटला द्यायचा नंबर. कंबरपट्ट्याच्या वरच्या ओळीत सात प्लेटा. पोटाशी एक खाच असते. मोजणी त्या खाचेपासून सुरू करायची आणि डावीकडं जायचं. डावीकडं म्हणजे पेशीच्या डावीकडं, आपल्या नव्हे.

"समोर पाहुणा बसलाय असं समज," तिचे गाईड रेवणसिद्ध हत्तुरे सर पहिल्या दिवशी म्हणाले होते. "त्याचा डावा हात तुझ्या उजवीकडं. मोजायचं ते त्याच्या हातानं. इथं भलेभले घसरलेत, बघ."

तळं आटायला लागलं की ही पेशी चिलखत घट्ट करून गाळात झोपते. वर्षानुवर्षं झोपते. पाणी आलं, ऊब मिळाली की जागी होते, आणि मग चिलखतातली एकच प्लेट झाकणासारखी उघडून बाहेर पडते. कुठली प्लेट, ते त्या त्या जातीचं ठरलेलं, आणि तिची शिवण बाकीच्यांपेक्षा जाड. दुसरी कुठलीही उघडत नाही. हिप्परग्याच्या तलावातल्या गाळात अरिबाला जी जात सापडली होती ती कुणीच नोंदवली नव्हती, आणि तिची तिसरी प्लेट उघडते असा तिचा शोधनिबंध होता. तो स्वीकारला गेला तर गोव्याच्या समुद्रसंस्थेत नोकरी पक्की. नाही गेला तर याच कॉलेजात तासिका तत्त्वावर पोरांना बेडूक शिकवायचे, आणि पगार आला तर आला. तिला इथून बाहेर पडायचं होतं. बाकी सगळं त्याच्यापुढं फिकं होतं.

२

टाकीखाली फोनला रेंज नाही. बोलायचं तर बाहेर लिंबाच्या झाडाखाली उभं राहावं लागायचं. तिथंच तिला गोव्याहून डॉक्टर इंद्रजीत यांचा फोन आला. निबंध त्यांच्याकडं तपासायला होता आणि नोकरीचा शब्दही त्यांचाच.

"अरिबा, चित्रं सुंदर आहेत," ते म्हणाले. "पण सगळी उलटी आहेत. तुम्ही जिला तिसरी म्हणताय ती पाचवी आहे. म्हणजे रिकामं कवच उताणं पडलं होतं आणि तुम्ही ते आतून बघून काढलंत. होतं असं. मीही केलंय."

"सर, मी रिकामी कवचं घेतलीच नाहीत. सगळी बंद होती. आत पेशी होती."

"मग शिवणींच्या आतल्या कडा कशा काढल्यात?" त्यांनी विचारलं. "प्रत्येक शिवणीला आतून एक बारीक उंचवटा असतो. तो बाहेरून दिसत नाही, दिसूच शकत नाही. तुमच्या प्रत्येक चित्रात तो आहे. आणि खरं सांगू का, इतका नीट मी कुणी काढलेला पाहिला नाही."

अरिबा म्हणाली, पुन्हा काढून पाठवते. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवून ती आत आली, चित्रं टेबलावर पसरली आणि बघत राहिली. उंचवटे होते. प्रत्येक शिवणीवर, एकही न चुकवता. काढल्याचं तिला आठवत होतं, हातानं पेन्सिल कशी फिरवली तेही आठवत होतं. बघितल्याचं मात्र आठवेना.

३

हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण अरिबानं आरसे तपासलेच. मायक्रोस्कोपला चित्रं उतरवायची नळी असते, तिच्यात आरसे असतात. एखादा फिरला असेल, मिटला प्रश्न. तिनं वर्तमानपत्रातला एक क कापून भिंगाखाली ठेवला आणि कागदावर उतरवला. क सुलटा आला. मग तिनं एक बंद कवच घेतलं, पाहुणा समोर बसवला, त्याचा डावा हात मनात तीनदा म्हटला आणि खाचेपासून सुरुवात केली. मान मोडेपर्यंत बसली. चित्र उलटं आलं, उंचवट्यांसकट.

"झोप होते का नीट?" हत्तुरे सरांनी विचारलं. कागद त्यांनी लांब धरला, जवळ धरला, चष्मा काढून पाहिला.

"होते सर."

"मग दमली असशील. अगं, हात सवयीनं चालतो. एकदा चुकलं की तीच चूक गिरवत बसतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. दोन दिवस घरी बस आणि आईच्या हातचं खा."

सर माणूस मोठा गोड. संकट कितीही मोठं असो, त्यांचा उतारा जेवणापाशीच जायचा. अरिबाला ते पटलंही. शिकलेली मुलगी, सवयीच्या चुका तिला ठाऊक होत्या. फक्त एक गोष्ट तिनं सरांना सांगितली नाही. चित्र काढताना तिला समोर कुणी बसलंय असं एकदाही वाटलं नव्हतं. भोवती काहीतरी आहे आणि आपण मधे बसून मान फिरवत त्याच्याकडं बघतोय, असं वाटलं होतं. मान दुखत होती ती त्यानं.

४

घरी भवानी पेठेत अम्मीनं, अजीजाबींनी, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विचारलं, "कॉलेज में कुछ हुआ क्या?" अरिबा म्हणाली काही नाही. मग म्हणाली, "अम्मी, गोव्याचं नाही झालं तर?" अम्मी गहू निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "नहीं हुआ तो यहीच है ना तू. मेरे पास." किती प्रेमानं म्हणाल्या त्या. आणि अरिबाला त्या प्रेमानंच धाप लागल्यासारखं झालं. तिला स्वतःची लाजही वाटली. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा कॉलेजात गेली.

सुट्ट्या लागलेल्या, आवारात चिटपाखरू नाही. शिपाई बिरदेवकाका तेवढे दारापाशी स्टूल टाकून बसलेले. मंगळवेढ्याकडचा माणूस, कॉलेजात केस पांढरे झालेले.

"आलासा व्हय जेवून?" त्यांनी विचारलं. ती कँटीनमधून डबा खाऊन परत येत होती. "मग आत कोन हाय?"

"आत कुणी नाही काका."

"न्हाय कसं? आवाज येत हुता, मला वाटलं तुमीच टेबल सरकवताय. म्हनून कडी घातली न्हाय मी."

"कसला आवाज?"

काकांनी जरा विचार केला. "टेबलाचाबी न्हाय म्हना. मानूस भिंतीला पाठ लावून रेटतंय न्हवं का, तसा. एका भिंतीला रेटतंय, थांबतंय, मग फुडच्या भिंतीला. असं गोल. दाराला तेवढं शिवलं न्हाय. मी म्हटलं, ताई काय करत्यात की बाई."

"टाकीत पाणी येत असेल. पाइपाचा आवाज."

"आज कुटलं पानी? आपल्या हितं पानी येनार ते परवा."

दोघं आत गेले. खोली होती तशीच. टेबल, खुर्ची, मायक्रोस्कोप, ट्यूबलाइट. काकांनी भिंतीवरून हात फिरवला, बोटांना लागलेला चुना धोतराला पुसला आणि म्हणाले, गार हाय लई. जाताना त्यांनी दार सताड उघडं ठेवलं आणि त्याला बाहेरून दगड लावला.

५

आता माणसानं इथं काय करावं? तुम्हीआम्ही पळालो असतो. पण पळायचं कुठं, हाही प्रश्न आहेच. खोली सोडली तर चित्र नाही, चित्र नाही तर गोवा नाही. जिथून सुटायचं होतं, तिथंच बसल्याशिवाय सुटका नव्हती. अरिबा बसली.

तिनं ठरवलं, कागद बाजूला ठेवायचा आणि जिवंत पेशीलाच विचारायचं. गाळातली बंद कवचं तिनं बशीत स्वच्छ पाण्यात टाकली होती, वर दिवा लावून ऊब दिली होती. जागी होऊन जी प्लेट उघडेल ती खरी. डोळ्यांत तेल घालून ती भिंगाला चिकटून बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक जागी झाली. कवचाच्या आत तांबूस ठिपका हलायला लागला. मग पेशी स्वतःभोवती सावकाश फिरली आणि एका प्लेटला टेकली. रेटलं, थांबली, पुन्हा रेटलं. प्लेट उघडेना. अरिबानं खाच शोधली, पाहुण्याच्या डाव्या हातानं मोजलं. पाचवी. पेशी पाचवीला रेटत होती. दोन प्लेटा पलीकडं तिसरी होती, जाड शिवणीची, सरळसरळ दार. तिकडं ती वळलीच नाही.

"अगं तिकडं," अरिबा मोठ्यानं म्हणाली. "तिकडं जा ना."

पेशी रेटत राहिली. हळूहळू ठिपका काळा पडला आणि थांबला. दुसरी जागी झाली, तिनंही पाचवीलाच रेटलं. तिसरीनंही. बशीतल्या एकूण एक पेशी दार सोडून भिंतीला रेटत आतल्या आत मेल्या. सगळ्या त्याच प्लेटशी, जिच्यावर अरिबानं आपल्या चित्रांत तीन लिहिलं होतं.

तिला रडू आलं. हसाल तुम्ही, धुळीच्या कणाएवढ्या जिवासाठी. पण तिला वाटलं की ह्यांना कुणीतरी चुकीचा नंबर सांगितला, आणि तो आपण सांगितला. वेड्यासारखा विचार आहे हे तिला कळत होतं. विज्ञानात असं काही नसतं. कागदावर काय लिहिलंय ते पेशीला कसं कळणार?

मान वर केली तेव्हा समोर भिंत होती. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपलं टेबल दाराच्या समोरच्या भिंतीला लावलंय. म्हणजे इतकी वर्षं आपण दाराकडं पाठ करून बसतो. ही खोलीही तशीच, दार म्हणजे खाच आणि सात भिंती म्हणजे सात प्लेटा; दार पाठीमागं घेऊन आतून मोजलं की डाव्या भिंती उजव्या होतात. सगळंच उलटं पडतं. एवढंच असेल का? एवढंसंच?

६

दुसऱ्या दिवशी टेबल वळवताना तिला आपलंच हसू येत होतं. वास्तुशास्त्रवाल्यांची थट्टा करणारी बाई, आणि आता दाराकडं तोंड करून बसतेय. बिरदेवकाकांनी टेबलाला हात लावला आणि म्हणाले, "हां, आता उजेड येतुय की मुखावर." दगड लावलेलं दार समोर होतं. त्यातून लिंबाचं झाड दिसत होतं, झाडाखाली काकांचं स्टूल, आणि त्यापलीकडं मैदानावर ऊन नुसतं भाजत पडलेलं.

तिनं नवीन कवच घेतलं. हात चालायला लागला आणि या वेळी मान दुखली नाही. एक, डावीकडं दोन, तीन. जाड शिवण तिसऱ्या प्लेटशी आली. आतले उंचवटे कुठंच नव्हते. गुळगुळीत बाहेरची बाजू, वर बारीक दाणे, जसे असायला हवेत तसे. हे दाणे तिनं आजवर एकाही चित्रात काढले नव्हते, हेही तिला आत्ता कळलं. तिनं चित्र तपासलं, परत तपासलं. सुलटं होतं. जीव भांड्यात पडला म्हणजे काय ते तिला त्या क्षणी कळलं. ती खुर्चीत मागं रेलली आणि डोळे मिटून नुसती हसली.

टाकीत पाणी यायला लागलं होतं. आज पाण्याचा दिवस. डोक्यावर घरघर सुरू झाली, मग धो धो.

ती चित्र घेऊन बाहेर गेली. उन्हानं डोळे दिपले. लिंबाखाली उभं राहून तिनं कागदाचा फोटो काढला आणि गोव्याला पाठवला. काका म्हणाले, "झालं का मनासारखं?" ती म्हणाली, "झालं वाटतं." फोन लगेच वाजला.

"एकदम बरोबर," डॉक्टर इंद्रजीत म्हणाले. "आता कसं बाहेरून दिसतंय. तिसरीच आहे, माझी काही शंका नाही. पण एक विचारू? आत तुम्ही काहीतरी काढलंय. प्लेटांच्या आरपार, पाचवीच्या मागं, अगदी फिकट. पेशी आहे का ती?"

अरिबानं आत काही काढलं नव्हतं. पण ती म्हणाली, "असेल सर."

"असू दे, छान दिसतंय. कधी येताय मग?"

७

पाण्याचा आवाज मोठा होता. अरिबानं डोळे उघडले तर अंधार. लाइट गेले असणार. मे महिन्यात भर दुपारी जातातच, त्यात काय विशेष. ती खुर्चीत बसली होती. हाताशी टेबलाची कड लागत होती. तिनं फोन चाचपला, टॉर्च लावायला. फोन नव्हता. कागदही नव्हता.

बाहेर गेल्याचं तिला स्पष्ट आठवत होतं. ऊन, लिंब, काका, गोव्याचा फोन, सगळं. परत आत आल्याचं आठवत नव्हतं.

वाऱ्यानं दार लागलं असेल. दगड सरकला असेल. समोरच तर आहे. ती उठली, हात पुढं करून चालत गेली आणि तळवे भिंतीला टेकले. चुना. गार. दार जरा बाजूला असेल म्हणून ती भिंतीला धरून सरकली. कोपरा आला, मग भिंत. पुन्हा कोपरा, पुन्हा भिंत. लोखंड हाताला लागेना. ती भराभर फिरायला लागली, टेबलाला अडखळली, पुन्हा भिंत धरली. कोपरे येत होते आणि जात होते, आणि प्रत्येक दोन कोपऱ्यांच्या मधे तोच चुना होता. पाचावर धारण बसली तिची. तिनं एका भिंतीला खांदा लावून रेटलं. काही नाही. पुढच्या भिंतीला रेटलं.

वर पाणी थांबलं. टाकी भरली होती. तेव्हा बाहेरचं बोलणं ऐकू आलं, कुठल्या बाजूनं ते कळेना, सगळीकडून सारखंच.

"निघालासा व्हय ताई?" बिरदेवकाका.

"हो काका. झालं काम."

तो आवाज अरिबाचा होता. फोनवर रेकॉर्ड झालेला आपला आवाज परका वाटतो, तसाही नव्हता. आतून आपल्याला जसा ऐकू येतो, अगदी तसा होता.

"काका," अरिबा ओरडली. "काका, मी आत आहे."

"मग आता गोवा?" काका बाहेर विचारत होते. "आमास्नी विसरू नगासा."

"कसं विसरीन? तुम्हीच तर दाराला दगड लावलात." मग तोच आवाज जरा लांब गेला, फोनवर बोलत. "हां अम्मी, निकली मैं. हो गया काम. नहीं नहीं, खाना मत बना, बाहर खायेंगे आज."

अम्मी काय म्हणाल्या ते ऐकू येण्यासारखं नव्हतं. पण ती मुलगी हसली आणि अरिबाला कळलं की अम्मीही पलीकडं हसल्या असणार. अम्मींना काही वेगळं वाटलं नव्हतं. अरिबानं भिंतीवर दोन्ही मुठी आपटल्या, अम्मी, अम्मी म्हणून घसा फाटेस्तोवर हाका मारल्या. बाहेर कुलूप लागल्याचा आवाज झाला. म्हणजे दार होतं. बाहेरून होतं. काकांच्या चपला फटफट करत लांब गेल्या.

ती खाली बसली. मग तिनं स्वतःला समजावलं, जसं पोरांना समजावतात तसं. एक प्लेट उघडते. उघडतेच, तिनं स्वतः ते लिहून पाठवलंय आणि ते बरोबर ठरलंय. तिसरी उघडते. खाचेपासून मोजायचं, डाव्या हाताला. फक्त खाच कुठं ते सापडत नव्हतं, आणि खाच नाही तर पहिली कुठली, डावं कुठलं, काहीच सांगता येत नाही.

पण कुठून तरी सुरुवात करायला हवी होती. ती उठली, अंधारात हात पुढं केला, आणि जी भिंत हाताला लागली तिला एक म्हणाली.